बालीतला मौनाचा पाडवा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची आडत करणारे अण्णा आणि त्याच शहरातल्या एका हायस्कूलचे मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले बापू हे पाचवीपासूनचे वर्गमित्र. वयाची पासष्टी उलटल्यावर दोघांनी २०२३ च्या मार्चमध्ये आठ दिवसांसाठी बाली बेटावर जायचे ठरवले, तेव्हा दोन्ही घरांत आश्चर्य व्यक्त झाले. अण्णांनी पेढी सोडून सलग चार दिवस कधी बाहेर काढले नव्हते. बापूंचा प्रवास शाळेच्या सहली आणि श्रवणबेळगोळ, शिखरजीच्या यात्रा यांपलीकडे गेला नव्हता. बेत अण्णांचा होता आणि त्यात त्यांचा आग्रह एकच होता : खर्च सगळा आपण करायचा. बापूंनी तो मानला नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी शंभर पानी वही विकत घेतली आणि पहिल्या पानावर ‘बाली : निम्मे-निम्मे’ असे लिहिले.

या वहीमागे एक जुनी गोष्ट होती. २००७ साली अण्णांच्या धाकट्या भावाने एका पतसंस्थेतून कर्ज काढले, त्याला बापू जामीन राहिले. धंदा बुडाला, भाऊ गाव सोडून गेला आणि वसुलीची नोटीस जामीनदाराच्या दारी आली. बापूंनी आपल्या भविष्य निर्वाह निधीतून २ लाख ८० हजार रुपये काढून भरले. त्या वर्षी पुण्याच्या महाविद्यालयात प्रवेश मिळालेल्या त्यांच्या मुलीने सांगलीतच शिक्षण घेतले. अण्णांना हे सारे महिन्याभराने कळले. तेव्हा त्यांची स्वतःची पेढीही ओढाताणीत होती. देण्यास पैसे नव्हते म्हणून ते बोलले नाहीत. पुढे पैसे आले तेव्हा बोलण्यास उशीर झाला होता. सोळा वर्षे दोघे रोज सकाळी कृष्णेच्या घाटावर फिरायला जात होते. सर्व विषय निघत, तो एक निघत नसे.

मुंबईहून सिंगापूरमार्गे विमान डेनपासारला उतरले. विमानतळावर व्हिसासाठी पाच लाख रुपियांची मागणी झाली, तेव्हा अण्णा क्षणभर दचकले. त्या सुमारास एका भारतीय रुपयाला साधारण १८५ इंडोनेशियन रुपिया मिळत, त्यामुळे ही रक्कम सुमारे २,७०० रुपये भरली. शून्यांची सवय होण्यास दोन दिवस लागले. बापूंनी तिथेच उभ्या उभ्या वहीत पहिली नोंद केली.

बाली हे तसे लहान बेट. क्षेत्रफळ सुमारे ५,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे सांगली जिल्ह्याच्या दोन-तृतीयांश. लोकसंख्या मात्र ४३ लाखांच्या घरात. जगातील सर्वांत मोठ्या मुस्लिम लोकसंख्येच्या देशात हे एक बेट बहुसंख्येने हिंदू राहिले आहे. वर्षभर येथे परदेशी पाहुण्यांची रीघ असते. २०१९ मध्ये ही संख्या ६२ लाखांवर होती. महामारीच्या काळात, २०२१ मध्ये, थेट बालीत उतरलेले परदेशी पर्यटक पन्नासच्या आसपास होते. ज्या दुकानदाराचे गिऱ्हाईक एका वर्षात असे नाहीसे होते त्याने काय केले असेल, हा अण्णांचा पहिला प्रश्न होता. त्यांच्या गाडीच्या चालकाने सांगितले की तो गावी जाऊन भावाबरोबर भातशेती करू लागला. नावावरूनच तो घरातील दुसरे अपत्य असल्याचे कळत होते, कारण बालीत पहिल्या मुलाला बहुधा वायन, दुसऱ्याला माडे, तिसऱ्याला न्योमान आणि चौथ्याला केतुत म्हणतात. पाचव्यापासून पुन्हा वायन.

मुक्काम पूर्व किनाऱ्यावरील सानूर येथे होता. कुटाचा गोंगाट टाळू पाहणाऱ्या वयस्कर प्रवाशांना हे गाव मानवते. समुद्र शांत असतो, सूर्य पाण्यातून उगवतो आणि किनाऱ्यालगत चालण्यासाठी लांबलचक फरसबंदी वाट आहे. १९६६ साली येथे एक दहा मजली हॉटेल उभे राहिले. त्यानंतर माडाच्या झाडापेक्षा, म्हणजे साधारण १५ मीटरपेक्षा, उंच इमारत बांधू नये असा नियम झाला. त्यामुळे आजही गच्चीवरून पाहिले तर झाडेच अधिक दिसतात.

पहिल्याच सकाळी अण्णांचे लक्ष दुकानांकडे गेले. प्रत्येक दुकानाच्या उंबऱ्यापुढे नारळीच्या पात्यांची विणलेली तळहाताएवढी तबकडी ठेवलेली होती. तिच्यात पांढरी, तांबडी, पिवळी आणि निळी फुले चार दिशांना मांडलेली, वर उदबत्ती. याला चनांग सारी म्हणतात. सोनाराच्या पेढीपुढे ती होती, मोबाइल दुरुस्तीच्या टपरीपुढे होती आणि पैसे बदलून देणाऱ्याच्या खिडकीतही होती. दुपारपर्यंत ती पायाखाली जाई, कोंबड्या टिपून नेत. दुसऱ्या दिवशी नवी येई. गल्ल्याला हात लावण्यापूर्वी नमस्कार करणाऱ्या अण्णांना हे दृश्य परके वाटले नाही.

जेवणाची चिंता घरच्यांनी दशम्या, शेंगाचटणी, मेतकूट आणि चिवडा देऊन निम्मी मिटवली होती. उरलेली निम्मी मिटवताना सावध राहावे लागले. भाजी-भाताच्या ताटातही येथे ‘तेरासी’ नावाची सुक्या कोळंबीची आंबवलेली चटणी मिसळलेली असू शकते. लाल मिरचीच्या सांबलात ती हमखास असते. शेंगदाण्याच्या वाटणातले गाडो-गाडो वरवर निर्धोक दिसते, पण त्यातही तेरासी असू शकते आणि वर अंडे असते. बापूंनी चालकाकडून चार शब्द कागदावर लिहून घेतले : तांपा तेरासी, तांपा तेलूर, तांपा बावांग. म्हणजे तेरासी नको, अंडे नको, कांदा-लसूण नको. हा कागद दाखवला की स्वयंपाकघरातून कोणीतरी बाहेर येऊन समजून घेई. उबुद आणि कुटा भागांत भारतीय खाणावळी आहेत, तेथे ‘जैन’ एवढे म्हटले तरी पुरते. विषुववृत्त जवळ असल्याने सूर्यास्त साडेसहाच्या सुमारास होतो आणि छोटी भोजनगृहे दिवसभर उघडी असतात, त्यामुळे सूर्यास्तापूर्वी जेवण उरकणे अवघड गेले नाही. प्रत्येक ताटाचा निम्मा हिशोब वहीत चढत होता.

तिसऱ्या दिवशी दोघे जातिलुविहची भातखाचरे पाहण्यास गेले. डोंगरउतारावर पायऱ्या-पायऱ्यांनी उतरणारी ही हिरवी शेते छायाचित्रांत सर्वांनी पाहिलेली असतात. छायाचित्रात न दिसणारी गोष्ट पाण्याची आहे. बालीतील शेतकरी ‘सुबाक’ नावाच्या पाणीसंस्थांत बांधलेले आहेत आणि या संस्थांची परंपरा सुमारे हजार वर्षांची आहे. पाट जिथे फुटतो तिथे खाचा पाडलेला आडवा बांध असतो. ज्याची जेवढी जमीन तेवढी त्याची खाच. कोणी कधी लावणी करायची, कोणाचे शेत कधी कोरडे ठेवायचे, हे पाण्याच्या मंदिरांतून एकत्र ठरते. १९७० च्या दशकात सरकारने अधिक उत्पादन देणाऱ्या भाताच्या वाणासह शक्य तितकी जास्त पिके घेण्याचा आग्रह धरला. शेतकऱ्यांनी मंदिरांचे वेळापत्रक सोडले. पाण्याची टंचाई झाली आणि शेते एकाच वेळी कोरडी न राहिल्याने किडीचे चक्र तुटेना. स्टीफन लान्सिंग या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने या मंदिरांच्या नियोजनामागील व्यावहारिक शहाणपण अभ्यासातून दाखवून दिले आणि पुढे जुनी पद्धत बहुतांशी परत आली. २०१२ मध्ये युनेस्कोने सुबाकचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

कृष्णाकाठच्या माणसाला पाणीपाळी म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. बांधाच्या खाचेत बोट घालून अण्णा बराच वेळ उभे होते. वरच्याने पाणी सोडल्याशिवाय खालच्याचे पीक येत नाही; पण खालच्याने आपले शेत वेळेवर कोरडे ठेवले नाही, तर वरच्यालाही कीड सोडत नाही, असे चालकाने त्यांना समजावले. “वरच्यालासुद्धा खालच्याची गरज असते म्हण की,” अण्णा म्हणाले. बापू काही बोलले नाहीत.

परतीच्या वाटेवर एका मळ्यात ‘लुवाक’ कॉफी पाहण्यास गाडी थांबली. उदमांजराने खाऊन टाकलेल्या कॉफीबियांपासून ही महाग कॉफी बनते. पूर्वी या बिया रानातून वेचत. आता पर्यटकांसाठी प्राणी पिंजऱ्यात ठेवलेले आढळतात. रात्री हिंडणारा तो जीव भर दुपारी जाळीला नाक लावून बसलेला पाहिल्यावर दोघेही चव न घेता बाहेर आले. बेटावर खुपलेल्या गोष्टी आणखीही होत्या. कुटाच्या किनाऱ्यावर पावसाळी वाऱ्याने वाहून आलेले प्लास्टिक होते, गल्लोगल्ली वाहनांची कोंडी होती. त्याच कुटात १२ ऑक्टोबर २००२ च्या बॉम्बस्फोटांत मारल्या गेलेल्या २०२ जणांची नावे कोरलेले स्मारक आहे. त्याच्यासमोरूनच पाण्यावर खेळण्याच्या फळ्या काखेत धरलेली तरुण मुले जात होती.

बुधवार, २२ मार्चबद्दल मात्र अण्णांची प्रवास कंपनीवर नाराजी होती. कार्यक्रमपत्रिकेत त्या दिवसापुढे केवळ ‘हॉटेलमध्ये विश्रांती’ असे छापले होते. सांगलीहून निघताना त्याचा अर्थ कोणी विचारला नाही. आता कळले की तो न्येपीचा दिवस, बालीचे नववर्ष. आणि तो गुढीपाडवाही होता. हा केवळ योगायोग नाही. बालीतील हे नववर्ष शक संवताचे आहे, त्याची गणना इसवी सन ७८ पासून होते आणि त्या दिवशी तेथेही शके १९४५ सुरू होत होते. तिथी-महिन्यांच्या मेळात फरक असल्याने दोन्ही सण दर वर्षी एकाच दिवशी येत नाहीत. त्या वर्षी आले होते. पाडव्याला अण्णा बेचाळीस वर्षांत एकदाही पेढीवर गैरहजर नव्हते. साडेतीन मुहूर्तांपैकी एक मुहूर्त परदेशात खोलीत बसून काढायचा, वर त्या दिवसाचे भाडेही भरायचे, हे त्यांना पचत नव्हते.

तयारी चार दिवस आधीच सुरू झाली होती. पांढऱ्या वस्त्रांतील गावकरी छत्र्या, पताका आणि देवांच्या पालख्या घेऊन वाद्यांच्या गजरात सानूरच्या समुद्राकडे येत होते; शुद्धीच्या या विधीला मेलास्ती म्हणतात. आदल्या दिवशी चौकाचौकांत भूतखेतांना शांत करण्याचे विधी झाले. त्यांत पशुबळीही असतो हे कळल्यावर दोघांनी तिकडे जाणे टाळले. संध्याकाळी मात्र दोघे रस्त्यावर उभे राहिले. वाड्या-वस्त्यांतील तरुणांनी बांबू आणि कागदाचे दोन-दोन मजली राक्षस केले होते, त्यांना ओगोह-ओगोह म्हणतात. पंचवीस-तीस जण ते खांद्यावर घेऊन धावत येत, चौकात गरगर फिरवत आणि पुढे जात. ढोल, झांजा, मशाली, आरडाओरडा. पुष्कळशा आकृती शेवटी जाळून टाकतात. आठवडेच्या आठवडे खपून केलेली वस्तू एका रात्रीत राख करणाऱ्या पोरांकडे अण्णा कौतुकाने पाहत राहिले.

आणि सकाळी सहा वाजता सगळे थांबले.

न्येपीचे चार निर्बंध आहेत : अग्नी पेटवायचा नाही, काम करायचे नाही, प्रवास करायचा नाही, करमणूक करायची नाही. हे निर्बंध पाहुण्यांनाही लागू असतात. दुकाने, बाजार, रस्ते, बंदरे बंद. आंतरराष्ट्रीय विमानतळसुद्धा चोवीस तास बंद. २०१८ पासून मोबाइलचे इंटरनेटही बंद ठेवतात. रुग्णवाहिका तेवढी चालते. काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचे वस्त्र नेसलेले गावचे रखवालदार, ज्यांना पचालांग म्हणतात, ते रस्त्यांवर लक्ष ठेवतात. हॉटेलने पाहुण्यांना आवारातच राहण्याची, आवाज न करण्याची आणि रात्री पडदे लावून मंद दिवा ठेवण्याची विनंती केली होती. समुद्राकडील फाटकाला कुलूप होते.

अण्णांनी सकाळी पेढीवर फोन लावून पाहिला, लागला नाही. मग त्यांनी हिशोब मांडला. एवढी हॉटेले, एवढ्या गाड्या, एवढी विमाने, एका दिवसाचे उत्पन्न किती बुडाले असेल? आकडा जमेना. “पर्यटकांवर जगणारं बेट. आलेल्या गिऱ्हाइकाला सांगतात, आज काही मिळणार नाही, खोलीत बस. याला धंदा म्हणतात का?”

बापूंनी उत्तर देण्यापूर्वी थोडा वेळ घेतला. त्यांनी त्या दिवशी एकाशन करायचे ठरवले होते. “आपल्याकडे देशव्रत काय सांगतं? अमुक वेळ अमुक हद्दीच्या पलीकडे जाणार नाही, माणूस पाठवणार नाही, माल मागवणार नाही. आपण ते पुस्तकात वाचतो. हे सगळं बेट मिळून एक दिवस करून दाखवतं. वर्षभर सगळं विकायला ठेवलंय त्यांनी, नाच, देऊळ, समुद्र. हा एक दिवस विकायचा नाही, एवढंच.”

दुपार लांबत गेली. एरवी मोटारसायकलींच्या आवाजाखाली दबलेले आवाज ऐकू येऊ लागले : माडाची झावळी, पागोळ्यांचे थेंब, भिंतीपलीकडे रांगणाऱ्या मुलाचे हसणे. करण्यासारखे काहीच उरले नाही, तेव्हा अण्णांनी टेबलावरची वही उचलून चाळली. व्हिसा, गाडी, नारळपाणी, मंदिरात कमरेला गुंडाळायच्या वस्त्राचे भाडे. प्रत्येक नोंद दोन रकान्यांत तंतोतंत विभागलेली. सहा पानांवर कोठेही खाडाखोड नव्हती. वही ठेवून ते व्हरांड्यात जाऊन बसले.

रात्री दिवे नव्हतेच. अमावास्या नुकतीच सरलेली, आकाश ढगांतून मोकळे झालेले. दोघे अंगणात खुर्च्या टाकून बसले. लाखो लोकांच्या वस्तीवर एकही रस्त्याचा दिवा नाही, असे आकाश त्यांनी लहानपणी गावाकडे पाहिले होते, त्यानंतर कधी पाहिले नव्हते. सांगलीहून जेमतेम क्षितिजाला टेकलेला दिसणारा त्रिशंकू दक्षिणेला चांगला वर आलेला होता. भूगोल शिकवलेल्या बापूंनी बोटाने तो दाखवला. बाकी दोघे दोन तास काहीच बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता पहिली मोटारसायकल गेली. न्येपीनंतरच्या दिवसाला ङेम्बाक गेनी म्हणतात. त्या दिवशी अग्नी पुन्हा पेटतो आणि लोक नातलगांकडे, शेजाऱ्यांकडे जाऊन वर्षभराच्या चुकांची क्षमा मागतात. आपल्याकडच्या क्षमावाणीच्या दिवसासारखी ही रीत इतक्या दूर, दुसऱ्या धर्माच्या लोकांत आहे, हे दोघांना ठाऊक नव्हते. स्वागतकक्षातील मुलगी आपल्या ज्येष्ठ सहकाऱ्यापुढे हात जोडून उभी होती. काय म्हणते ते कळले नाही. पण चालकाने अर्थ सांगितला.

न्याहारीच्या टेबलावर अण्णांनी चहाचा कप खाली ठेवला. “बापू, दोन लाख ऐंशी हजार,” ते म्हणाले आणि पुढचे शब्द त्यांना सापडेनात.

“ती रक्कम मी कधी येणे म्हणून लिहिलीच नव्हती,” बापू म्हणाले. “त्याच दिवशी खर्ची टाकली.”

“पैशाचं म्हणत नाही मी. पैसे तू घेणार नाहीस, माहीत आहे. म्हणून तर ही सहल काढली, तीसुद्धा तू निम्मी केलीस. सोळा वर्षं रोज तुझ्याबरोबर फिरलो आणि एकदाही बोललो नाही. पोरीचं पुणं राहिलं, तेही मला ठाऊक होतं. दर वर्षी क्षमावाणीला शंभर माणसांना हात जोडले, तुलाही जोडले. पण नेमकं कशाबद्दल, ते सांगितलं नाही. ते आज सांगतो.”

बापूंनी चष्मा काढून पुसला. “राग पैशाचा नव्हता, अण्णा. तू विचारायला आला नाहीस, त्याचा होता. पोरगी शिकली, तिचं चांगलं झालं. पण त्या महिन्यात मी रोज संध्याकाळी दारात बसायचो, तू येशील म्हणून.” थोडे थांबून ते पुढे म्हणाले, “माझीही चूक आहे. मीसुद्धा बोलावलं नाही. मनात ठेवलं.”

मग दोघांनीही हात जोडले. शेजारच्या टेबलावरील परदेशी जोडप्याला ती बालीची नवी पद्धत वाटली असावी. त्यांनीही हसून हात जोडले.

त्या दिवशी कोठे जायचे होते, ते पाहण्यात दोघांना फारसा रस राहिला नाही. सानूरच्या किनाऱ्यावर सारे गाव लोटले होते. आजी-आजोबांपासून तान्ह्या मुलांपर्यंत सगळे पाण्यात उतरले होते, पतंग उडत होते, कणसे भाजली जात होती आणि दुकानांपुढे नव्या तबकड्या मांडलेल्या होत्या. अण्णांचा पेढीवर फोन लागला. मुलाने पाडव्याचा व्यवहार नीट झाल्याचे सांगितले. अण्णांनी आकडा विचारला नाही, हे त्याला फार दिवस नवल वाटत राहिले.

शुक्रवारी पहाटे विमानतळावर उतरताना गाडीचे भाडे अण्णांनी दिले, वर चालकाच्या हातात बक्षिसीही ठेवली. बापूंनी सवयीने खिशातून वही काढली, पेन उघडले, क्षणभर थांबले आणि वही मिटून पुन्हा खिशात ठेवली. ती आजही त्यांच्या कपाटात आहे. तिच्यातील शेवटची नोंद २१ मार्चची आहे.